रुसणारा बैल

मी आणि माझा नवरा खांदा कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून मोबाइलवरचे गेम बनवतो. तो चित्रं काढतो, मी कोड लिहिते. आमचा एकच गेम बऱ्यापैकी चालला, तो बैलगाडीच्या शर्यतीचा. स्क्रीनवर बोट घासत राहायचं, की बैल सुसाट सुटतात.

खेळणाऱ्यांच्या शिव्या खायची आम्हाला सवय होती. एकदा आम्ही धुळीचा रंग जरासा बदलला, तर एकाने आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली होती. त्यामुळे एका सकाळी आलेला अभिप्राय वाचून मी चपापलेच. ‘नमस्कार. गेम छान हाय. बैल खोटा हाय. राग मानू नये.’

मीही तितक्याच अदबीने विचारलं, खोटा म्हणजे कसा? उत्तर आलं, ‘लिहून नाय सांगता येणार. सुकापूरला या. चहा घेऊ.’

रविवारी गेलो. अभिप्राय लिहिणारे काका पंचावन्नच्या आसपासचे. शेताच्या जागी आता इमारती होत्या, पण घरामागे गोठा आणि गोठ्यात शर्यतीची पांढरी जोडी त्यांनी हौसेने राखली होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, फोन काढला आणि आमचाच गेम आम्हाला समजावून सांगायला बसले.

“ताई, हा तुमचा बैल शंभर वेळा पळवला तरी पळतो. असा बैल असतो का? दोनदा हरला, की बैल रुसतो. खाली बसतो. मंग त्याला गोंजारायचं, गूळ द्यायचा. एखाद दिवस तर काय बोलायचंच नाय.”

“काका, लोक रिक्षाची वाट बघताना दोन मिनिटं गेम उघडतात,” मी म्हटलं. “तेवढ्यात बैल बसून राहिला तर गेमच काढून टाकतील.”

“टाकू द्या. ज्याला रुसवा काढता येत नाय, त्यानं बैल ठेवू नये.”

“पण गेममध्ये मजा हवी ना?” नवरा म्हणाला.

“मजा तीच हाय, भावजी.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “घ्या, दावं धरा. दहा पावलं चालवून दाखवा.”

मी दावं धरलं. बैलाने माझ्याकडे पाहिलं, शेपटीने एक माशी हाकलली आणि पेंढा चघळत उभा राहिला. मी ओढलं, चुचकारलं, शेवटी “चल ना रे” म्हणून गयावया केली. चहा घेऊन आलेल्या काकू इतक्या हसल्या, की निम्मा चहा बशीत सांडला.

तरी माझं मत काही बदललं नाही. उलट हात शिवशिवू लागले. सोमवारी मी चावटपणा केला. रुसणारा बैल बनवला आणि तो फक्त काकांच्या फोनवर सोडला. दोनदा हरला की बसणार, आणि गूळ दिला तरी मनात येईल तेव्हाच उठणार. दोन दिवसांत काका हात जोडतील, अशी माझी खात्री होती.

चार दिवस काहीच नाही. ते दिवसातून वीसदा गेम उघडून बैलाला गोंजारतायत, एवढं मला इकडे दिसत होतं. पाचव्या दिवशी मेसेज आला, ‘बैल आता खरा झाला. आभारी हाय.’ नवरा मनसोक्त हसला. मला आपलं ओशाळल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “ताई, एक विचारू? तुमी माझ्याच बैलाला रुसवलाय का?”

“का हो, काका?”

“आमच्या मंडळींनी पण गेम घेतला. तिचा बैल रोज पळतो. जिंकणाऱ्यांच्या यादीत पहिली आली ती. माझा परवापासून बसलाय.”

मी कबूल करून टाकलं आणि शिव्यांची तयारी ठेवली. पलीकडून खो खो हसणं. “बरी जिरवलीत! पण आता तिचा पण बसवा.”

मागून काकूंचा आवाज आला, “माझ्या बैलाला हात लावायचा नाय! ताई, यांचं ऐकू नका.”

शेवटी आम्ही गेममध्ये ‘रुसवा’ नावाचं बटणच दिलं. हवं त्याने चालू करावं. बहुतेकांनी ते बंदच ठेवलं, म्हणजे माझंच खरं ठरलं. पण ज्यांनी चालू केलं, त्यांचा बैल उठला, की ते घरात बाळ चालायला लागल्यासारखं आम्हाला कळवतात. म्हणजे काकांचंही खरं.

काका मात्र खूश नाहीत. “बंद करता आला, तर तो रुसवा कसला?” हे त्यांचं म्हणणं. खेळणाऱ्याला निवड असायला हवी, हे माझं. गेल्या रविवारी पळस्पे फाट्यावर भेटलो, तेव्हा ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून आम्ही अर्धा तास यावरच वाद घातला. त्यांच्या स्कूटरवर मागे बसलेल्या काकू तेवढ्या वेळात तीन शर्यती जिंकल्या.