मामाची पळती अक्षरं

माझ्या धाकट्या मामाइतका सरळ माणूस सातारा-सांगलीकडं दुसरा नव्हता आणि त्याच्याइतकं तिरकं बघणाराही कुणी नव्हता. डावा डोळा नाकाकडं वळलेला, दोन्ही बुबुळं बारीक थरथरणारी आणि समोरचं नीट दिसावं म्हणून तोंड कायम उजवीकडं फिरवलेलं. शिराळ्याच्या हॉटेलात त्यानं ओळखीच्याला "या, बसा" म्हटलं की भलतेच दोघे येऊन बसत आणि बोलावलेला उभाच राही. मामा मुकाट्यानं तिघांनाही चहा पाजायचा. त्याच्या लग्नात फोटोग्राफर सारखी त्याची हनुवटी सरळ करत होता, तेव्हा तो काकुळतीला येऊन म्हणाला, "आसं केलं की तूच दिसत न्हाईस, गड्या!"

हसण्यासारखं एवढंच. पुढचं सांगताना हसू येत नाही. आजोबा सुभेदार, थोरले दोघे मामा पलटणीत. धाकटाही भरतीला गेला, पळाला, छाती फुगवून उभा राहिला. डोळे तपासताना एका डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि हा ओरडला, "सायेब, अक्षरं पळत्यात!" सगळे हसले, त्याला घरी पाठवलं. आजोबांनी ते सोंगच मानलं. "बांधावरनं उसातला ससा दिसतो आन् फळ्यावरची अक्षरं दिसंनात? भ्यालं बेणं!" त्या दिवसापासून त्यांनी मामाशी बोलणं टाकलं. एका घरात राहून काय लागेल ते आजीला सांगायचे. आजी गेल्यावर मामीला.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मिरजेला आजोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी जवळच सांगलीच्या विश्रामबागेत नोकरीला होतो, डबा घेऊन जायचो. आजोबा डोळ्यांना पट्ट्या बांधून उताणे, मामा उशाशी. राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाई मामाकडंच बघत राहिल्या. त्यांनी त्याचा एक डोळा तळहातानं झाकला.

"आता कसं दिसतं?"

"सगळं पळतंय, बाई."

"पळणारच. तान्हेपणी दोन डोळ्यांची जोडी जमली नाही, की एक डोळा तिरळा होतो आणि त्यातूनच ही थरथर येते. दोन्ही उघडे असले की ती दबून राहते. एक झाकला की वाढते. जन्माचंच म्हणायचं हे."

बाई पुढच्या खाटेकडं गेल्या. आजोबांचा हात खाटेच्या कडेला चाचपडू लागला. मामानं तो धरला.

"तवाच सांगितलं व्हतंस न्हवं?"

"व्हय, आबा."

"मग परत का न्हाई सांगितलंस?"

"तुमी बोलतच नव्हता."

पट्ट्या निघाल्या, आजोबा घरी आले. जाड भिंगांचा चष्मा लावून ते दिवसभर मामाला समोर बसवून घ्यायचे. पाटाला पाणी आलं का, म्हैस किती देते, ऊस कुठवर आला, असलं काहीबाही विचारत राहायचे. मामा बिचारा चाचरत उत्तरं द्यायचा. वडिलांशी बोलायची त्याची सवयच मोडली होती. ती पुन्हा लागत होती, तोवर आजोबा गेले.