बापाची वर्षं मुलाच्या नावावर

भेस्तानात, मिल कामगारांच्या आमच्या गल्लीत बायोडाटा लिहून घ्यायचा तर सुषमाकडेच. गल्लीतल्या खानदेशी सुनांमध्ये टायपिंगची परीक्षा पास झालेली ती एकटीच. मी शोभाबाई, तिची भिंतीपलीकडची शेजारीण. पोरं म्हणायची, सुषमावहिनीनं लिहिलं की मिलमधून बोलावणं येणारच. खोटं कशाला बोलू, यायचंही.

तिची युक्ती साधी होती. अनुभव नसला तर बापाचा लावायचा. आमच्यात कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. बापाचं घर मुलाचं, शेत मुलाचं, मग नोकरीची वर्षं का नाहीत? तिचे सासरे चिंधाबाबा जन्मभर बॉयलरवर राबलेले. पंच्याण्णव साली सुषमानं ती सगळी वर्षं नवऱ्याच्या, भूपेंद्रच्या नावावर टाकली. पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलनं त्याला लगेच घेतलं. त्या बापड्यानं बॉयलर पाहिला होता तो फक्त बापाचा डबा पोचवताना. काही महिन्यांतच वाफेनं भाजून जिवानिशी गेला.

तेव्हापासून बाई बदलली. टाइप करता करता अनुभवाचा रकाना आला की हात थांबायचे, मान मागे वळायची. काय गं, विचारलं तर म्हणायची, तो उभा आहे. मी वैतागायचे, चहा पी म्हणायचे, काही नाही तिथं. पण मागे बघायची माझी काही छाती व्हायची नाही. खोटी ओळ ती लिहीना, म्हणून पोरंही येईनाशी झाली.

त्यात तिचा दीर वाल्मिक. बेकार, आणि तोंडाचा फटकळ. वहिनी ऐकेना म्हणून कतारगामच्या एका टायपिंगवाल्याकडे जाऊन त्यानं बापाची वर्षं स्वतःच्या नावावर टाइप करून आणली. पेढे घेऊन आला तेव्हा आम्हाला कळलं. मिल दुसरी, पण काम बॉयलरचंच, उद्यापासून.

सुषमानं पेढ्याला हात लावला नाही. सकाळी मला ओढतच त्या मिलच्या गेटवर नेलं. मॅनेजरसमोर, वाल्मिकच्या देखत म्हणाली, "साहेब, हा अनुभव ह्याच्या वडिलांचा आहे. ह्याच्या भावालाही तो मीच लावला होता."

वाल्मिकला तिथूनच परत पाठवलं. आता तो बाजारात साड्यांच्या घड्या घालतो आणि वहिनीशी बोलत नाही. जिवंत आहेस ना रे गाढवा, असं मी त्याला तोंडावर सुनावलं.

मला वाटलं, आता तरी तिच्या मागे लागलेलं सुटेल. परवा विचारलं.

"शोभाताई, इतके दिवस तो गप्प उभा असायचा," ती म्हणाली. "आता बोलतो. विचारतो, माझ्या वेळी गेटवर का नाही आलीस?"