संगणकबाईंनी धरलेला डूख

संगणकबाई डूख धरतात, हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी नणंद काय टोचून बोलली होती, ते त्या आजही वारासकट सांगत. शाळेत मात्र कुणाला याचा पत्ता नव्हता. तिथे त्या मऊ आवाजाच्या, बावीसपैकी चौदा संगणक कसेबसे चालते ठेवणाऱ्या बाई होत्या.

आता डूख होता तो विज्ञानसरांवर, आणि तो उगाच नव्हता. तीन वर्षांपूर्वी बाईंनी गटप्रकल्पाची एक पद्धत बसवली होती. पाच मुलांनी मिळून एकच सामायिक फाइल उघडायची आणि प्रत्येकानं आपल्याच खात्यातून लिहायचं. फाइलचा इतिहास उघडला की प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात दिसतं, त्यामुळे कोण राबलं आणि कोणी नुसत्या माना डोलावल्या ते लपत नाही. एकानं मरमर मरायचं आणि चौघांनी नाव लावायचं, हा वर्षानुवर्षांचा कार्यक्रम त्यानं बंद पडला. सरांनी ही पद्धत शिक्षकांच्या शिबिरात स्वतःची म्हणून मांडली. स्लाइड बाईंच्या, उदाहरणं बाईंची, एका स्लाइडवर चुकलेला आकडा होता तोही बाईंचाच. शेवटी सरांनी ‘आमच्या तांत्रिक मदतनीस’ असे त्यांचे आभार मानले आणि त्याच वर्षी ते उपमुख्याध्यापक झाले. बाईंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. घरी येऊन भांडी अशी घासली, की सासूबाई म्हणाल्या, “आज कोणाचं तोंड घासतेयस?”

यंदा आठवीच्या पाच जणांनी विज्ञानासाठी गळक्या नळांचा प्रकल्प घेतला. नळाखाली बादली ठेवायची, वेळ लावायची, आकडे फाइलमधल्या तक्त्यात भरायचे, फोटो जोडायचे. वेळ लावणारी पोरगी इतकी काटेकोर होती, की गटात तिचं नावच ‘घड्याळ’ पडलं. दीड महिना पाचही जणांनी बादल्या उचलल्या आणि शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली.

प्रकल्प तपासणारी परीक्षकांची समिती यायला आठ दिवस राहिले असताना सरांनी फाइल उघडली. मुलांची वाक्यं त्यांना बाळबोध वाटली. त्यांनी ती पुसली, त्या जागी स्वतःचे जडजंबाल परिच्छेद घातले आणि मुलांनी पुन्हा घोळ घालू नये म्हणून फाइल त्यांना फक्त वाचता येईल अशी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाचही जण बाईंपुढे उभे. घड्याळ म्हणाली, “बाई, आमचं लिहिलेलं गेलं. इतकं वाईट होतं का?”

बाईंनी इतिहास उघडून पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाइल त्यांच्या खात्यावरची. एक बटण दाबलं, की मुलांची आवृत्ती जशीच्या तशी परत. बाण त्या बटणापर्यंत गेलाही. मग बाईंच्या डोळ्यांपुढे सर आले, समितीसमोर उभे राहिलेले. बाईंनी हात मागे घेतला.

“बघते मी,” त्या म्हणाल्या. “तोवर सरांनी दिलंय ते पाठ करा.”

समिती येईपर्यंतचे दिवस बाई कमालीच्या खुशीत होत्या. नवऱ्याच्या डब्याचं झाकण चुकीचं लावलं तरी हसल्या. तो बिचारा घाबरून गेला.

समितीत तिघे होते. सरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “एका शब्दालाही मी हात लावलेला नाही. सगळं मुलांचं.” मुलं जमिनीकडे बघत होती. समितीतल्या वयस्कर मॅडमनी विचारलं, “काम कसं वाटून घेतलंत?”

मुलांनी तोंड उघडायच्या आत बाई आपल्या मऊ आवाजात म्हणाल्या, “इतिहासात दिसेल, मॅडम. पद्धत सरांचीच आहे.”

पडद्यावर पाच रंग आले. दीड महिन्याची खाडाखोड, भांडणं, दुरुस्त केलेले आकडे. मग एका दुपारी सहावा रंग आला आणि पावणेदोन तासांत सगळं गिळून बसला. वर सरांचं नाव होतं. सरांचे कान लाल झाले. बाईंनी ते तोंड डोळे भरून पाहिलं. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

समितीनं आपसांत कुजबुज करून निकाल दिला. सादर झालेलं लिखाण विद्यार्थ्यांचं नाही, म्हणून प्रकल्प बाद. असं होईल हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी तिकडे बघायचंच टाळलं होतं.

खोली रिकामी झाली. घड्याळ तेवढी मागे राहिली.

“बाई, जुनी आवृत्ती परत आणता येते ना? तुम्हीच शिकवलं होतं.”

“येते.”

“मग त्या दिवशी का नाही आणली?”

काहीतरी थाप मारता आली असती. पण त्या पोरीपुढे बाईंची जीभ रेटेना.

“सरांना सगळ्यांसमोर पकडायचं होतं मला.”

पोरगी रडली नाही की चिडली नाही. एखादा आकडा पुन्हा तपासावा तसं तिनं बाईंकडे पाहिलं.

“म्हणजे सरांनी पुसलं आणि तुम्ही पुसलेलं राहू दिलंत,” ती म्हणाली. “आमचा प्रकल्प तुम्ही दोघांनी मिळून बुडवलात.”

ती दप्तर उचलून निघून गेली. सरांचं उतरलेलं तोंड आठवून बाईंनी हसायचा प्रयत्न केला. हसू आलं नाही.