‘पण’च्या पुढचं

सूर्य पूर्वेला उगवतो यावरसुद्धा जिचा पुरता विश्वास नाही, अशी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली, आणि ती नेमकी माझे मामेसासरे निघाली. हे वाक्य त्यांच्या हाती पडलं तर सूर्याबद्दल ते चकार शब्द काढणार नाहीत. त्यांचं बोट सरळ ‘आणि’वर जाईल. “हे ‘आणि’ कायले घातलं, जवाईबापू? सूर्य आपल्या जागी, मी माह्या जागी. दोघाईले एका दाव्याले बांधाचं कारण काय?” मग चष्मा कपाळावर चढवून ते माझ्याकडे असं बघतील, की आपण खरोखरच काहीतरी लपवतोय असं मलाही वाटू लागेल.

अहेरीच्या एका शाळेत या मामाजींनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. बाकीचं व्याकरण ते इतर मास्तरांसारखंच शिकवत, म्हणजे फळ्याकडे तोंड करून. वाक्यं जोडणाऱ्या शब्दांचा धडा आला की मात्र वर्गाचं पोलीस ठाणं होई. ‘अँड’ हा त्यांच्या मते भोळसट, कोणाच्याही खांद्यावर हात टाकून चालणारा, त्याला संगत वाईट. ‘बिकॉज’ हा कोणी विचारायच्या आधीच साक्ष द्यायला धावणारा, म्हणून खोटा. ‘ऑल्दो’ समोरून नमस्कार घालून मागून खिसा कापणारा. आणि ‘बट’चं नाव काढताना तर ते वर्गाचं दार लोटून घेत. “पोट्टेहो, ध्यानात ठेवा. ‘बट’च्या आधी येते ते खोबरं, अन् नंतर येते तो दगड. गोड लागलं म्हणून चावान तं दात जाईन.” पाऊस पडत होता, बस उशिरा आली, ही दोन वाक्यं जोडा म्हटल्यावर अख्ख्या वर्गानं बिनधास्त ‘बिकॉज’ लिहिलं, तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या उत्तराखाली लाल शाईनं एकच शब्द लिहिला होता, ‘पुरावा?’ आणि वर विचारलं होतं, “पाऊस पडला हे खरं. बस लेट आली हेई खरं. पावसानंच लेट झाली हे तुमाले कोनं सांगतलं? ड्रायव्हर आलापल्लीले भजे खात बसला असन तं?” त्यांच्या हाताखालून गेलेली मंडळी आज कचेऱ्यांमधून मोठमोठ्या खुर्च्यांवर बसली आहेत. त्यांतला एकजण मला सांगत होता, रजेच्या अर्जात कारण लिहिताना त्याचा पेन अजून अडखळतो.

माझी त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. पोहे खाऊन झाले, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी चंद्रपूरहून पाठ करून आणलेलं वाक्य बोललो, “मला मुलगी पसंत आहे, कारण ती साधी आहे.” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला, “पसंत आहे तं कारण काऊन देऊन राह्यले? कोणी मांगलं होतं?” मी घाबरून म्हणालो, “मला मुलगी पसंत आहे.” “हां. आता बरोबर,” ते म्हणाले, आणि सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. लग्न झालं. तरीसुद्धा मी नेमकं कोणतं कारण दाबून ठेवलं असेल याचा शोध पुढं कित्येक वर्षं चालू होता, असं बायको सांगते.

बाजारात तर त्यांच्याबरोबर जाऊ नये. अहेरीच्या आठवडी बाजारात एकदा एक मासोळीवाली बाई मोठ्या हौसेनं म्हणाली, “घ्या ना गुरुजी, मासोळी ताजी हाये आन् सस्ती बी हाये.” झालं. “ताजी हाये तं सस्ती काऊन? अन् सस्ती हाये तं ताजी कशी? एकात दोन गोष्टी कशा बसवल्या तुनं?” बाईनं बिचारीनं मासोळीचे कल्ले उघडून लालभडक रंग दाखवला. हे म्हणाले, “रंगाचं नको सांगू. ‘आन्’चं सांग.” शेवटी त्या बाईनं टोपल्यावर फडकं ओढलं आणि म्हणाली, “जा बाप्पा, तुमाले नाई इकत.” आम्ही वांगी घेऊन घरी आलो. वांगीवाला काहीच बोलला नव्हता.

अशा या माणसाचा सगळ्या अहेरीत एका आणि एकाच माणसावर विश्वास होता. बसस्टँडसमोर हनीफभाई टेलरांचं दुकान आहे. गणवेश शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हनीफभाई मुळातच कमी बोलत आणि बोलत तेव्हा मोजकं, सुटं बोलत. “या सर. बसा. चाय सांगतली. गरमी हाये.” एका वाक्याचा दुसऱ्या वाक्याला धक्का म्हणून लागायचा नाही. शाळा सुटली की मामाजी त्यांच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसत, हनीफभाईंचं मशीन खडखडत राही, आणि दिवेलागणीपर्यंत दोघांत मिळून दहाबारा वाक्यं होत. “माणूस असा पाहिजे,” मामाजी मला म्हणत. “कोनत्याच गोष्टीले दुसरी गोष्ट चिपकवत नाई. अशा माणसापाशी लपवाले जागाच नसते.”

आणि नेमका तिथंच घात झाला. मामाजींच्या निवृत्तीचा समारंभ होता. मी विजेच्या खात्यात नोकरीला, खास रजा काढून चंद्रपूरहून आलो होतो. भर दुपारी शाळेच्या सभागृहात भाषणं चालली होती. मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले, मामाजी प्रत्येकाच्या भाषणातले ‘तथापि’ आणि ‘परंतु’ बोटांवर टिपत बसले होते. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं, सरांच्या दोस्ताला बोलू द्या. हनीफभाई नको नको म्हणत होते, लोकांनी त्यांना ढकलतच माइकपाशी उभं केलं. त्यांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि म्हणाले, “सर चांगले आदमी हायेत, पण…”

आणि लाइन गेली. माइक मुका झाला, पंखे थांबले. हनीफभाईंना आयतीच सुटका मिळाली, ते घाम पुसत खाली उतरले. मुख्याध्यापकांनी ओरडून सांगितलं की जेवण थंड होतंय, आणि सगळा गाव पत्रावळींकडे धावला. खुर्चीवर एकटे मामाजी उरले, गळ्यात हार, हातात नारळ, आणि तोंडावर असा भाव की कोणीतरी त्यांना विहिरीत अर्धं सोडून दोर कापला आहे.

त्या दिवसापासून त्यांनी बाकावर बसणं सोडलं. हनीफभाई दोनदा घरी आले, दोन्ही वेळा आतून निरोप गेला, “सर आराम करून राह्यले.” तिसऱ्यांदा ते आले नाहीत, तेव्हा मामाजी म्हणाले, “पाह्यलं? येत नाई आता. मनात काहीतरी होतंच.” तोंडावर विचारून टाका, असं मी सुचवलं तर म्हणाले, “विचारलं तं तो बनवून सांगन. माइकवर जे येत होतं ते खरं होतं.” मग ते स्वतःच त्या वाक्याच्या शेपट्या लावून बघत. पण शिष्ट आहेत. पण खडूस आहेत. पण त्यांच्या बसण्यानं माह्यं गिऱ्हाईक पळते. ही शेवटची त्यांना सगळ्यांत पटे, आणि पटली की त्या दिवशी ते जेवत नसत. पँट शिवायला ते आलापल्लीला जाऊ लागले. तिथल्या टेलरनं एक पाय आखूड शिवला, तर तो हनीफभाईंचा साडू असावा असा तर्क निघाला.

संशयातून मीही सुटलो नाही. “जवाईबापू, तुमचंच खातं. नेमकी ‘पण’वर लाइन कशी गेली?” मी चौकशी करून खरं तेच सांगितलं, शाळेमागच्या सागावरून वानरानं तारांवर उडी मारली होती. त्यांनी अडकित्त्यानं सुपारीचं खांड फोडलं. मग हळूच म्हणाले, “वानराले कोनं हाकललं?”

असे दोनतीन पावसाळे गेले. दोन घरं एकाच रस्त्यावर, तरी मामाजी बसस्टँडला जायला मागच्या गल्लीनं जात. मी अहेरीला गेलो की हनीफभाई मशीनवरून मान वर करून विचारत, “सर बरे हायेत?” मी हो म्हणे. ते मान खाली घालत. बाकावर कापडाचे गठ्ठे ठेवलेले असत.

मग एके सकाळी हनीफभाईंना लकवा झाला. त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी रोज डबा घेऊन जात होतो. पाय हळूहळू हलू लागले, एक हात मात्र लुळा राहिला आणि वाचा गेली. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, यांच्याशी रोज कोणीतरी बसून बोललं पाहिजे, लहान लेकराला शिकवतात तसं, म्हणजे शब्द परत येतील. त्यांना अहेरीला सोडायला मीच गेलो आणि हे सगळं मामाजींना सांगितलं. ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “वाचा गेली? आताच काऊन गेली?”

माझ्या मामेसासूबाई फार शांत बाई. नवऱ्यासमोर त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या भाकरी टाकत होत्या, ती तव्यावरच सोडून बाहेर आल्या. “तुमचा ‘पण’ घाला त्या चुलीत,” त्या म्हणाल्या. “तो मानूस तिकडं मुका पडला हाये आन् तुमी त्याची उलटतपासनी करून राह्यले? उद्या तो गेला तं कोनावर रुसान?” मामाजी उठले. चपला घालून निघाले. मागच्या गल्लीनं नाही, समोरच्या रस्त्यानं.

मी त्यांच्यामागोमाग गेलो. हनीफभाई दुकानामागच्या खोलीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. मामाजींना बघून त्यांचा चेहरा एका बाजूनंच हसला. दुसरी बाजू तशीच राहिली. मामाजी दारातच थबकले. मग स्टूल ओढून बसले, आत आणून ठेवलेल्या शिलाई मशीनवरची कैची उचलून समोर धरली आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, “काय हाये हे?”

तेव्हापासून रोज शिकवणी सुरू झाली. कैची, कापड, सुई, चाय. हनीफभाईंच्या तोंडून ‘चाय’ पहिल्यांदा फुटलं तेव्हा त्यांची बायको, आमच्या भाभी, पदर तोंडाला लावून रडल्या आणि मामाजींनी “पुन्हा म्हना, स्पष्ट” म्हणून दरडावलं. महिन्यांमागून महिने गेले. शब्द जमले, मग छोटी वाक्यं जमली. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा वाक्यं जोडणं चाललं होतं. “चाय गोड हाये, आणि?” हनीफभाई जड जिभेनं म्हणाले, “गरम.” “शाब्बास. चाय गोड हाये, पण?” हनीफभाईंनी कप हातात घेऊन बघितला. “थोडी.” आम्ही सगळे हसलो. मामाजी हसले नाहीत. ते कपाकडे बघत होते. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि परीक्षेचा प्रश्न घालावा तसं हळू म्हणाले,

“सर चांगले आदमी हायेत, पण?”

हनीफभाई त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“आता…”

“आता काय?”

“आता… येनार नाई.”

मामाजींना कळलं नाही. मलाही नाही. दारात उभ्या भाभींनीच सांगितलं. “तेच बोलनार होते ना त्या दिवशी. घरी आईन्यासमोर घोकत होते. सर चांगले आदमी हायेत, पण शाळा संपली, आता इकडं येनार नाई, माह्या बाकावर कोन बसन? मी म्हनलं, येतीन हो, कायले फिकर करता.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “मग तुमी खरंच आले नाई, सर.”

मामाजी उठले, अंगणातल्या नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले, बराच वेळ. परत आले तेव्हा शर्टाचा पुढचा भाग पूर्ण भिजला होता. स्टुलावर बसून त्यांनी हनीफभाईंचा तो न हलणारा हात आपल्या हातात घेतला. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखाद्या उत्तराचा पुरावा मागितला नाही.

त्यांचा स्वभाव बदलला असं कोणी समजू नये. परवाच फोनवर मी सहज म्हणालो की यंदा थंडी लवकर पडली, तर त्यांनी मला विचारलं, “तुमाले काही काम हाये का माह्याकडं?” मात्र संध्याकाळी ते आता कोणालाच सापडत नाहीत. हनीफभाईंना ऑटोत बसवून ते प्राणहिता नदीच्या काठावर घेऊन जातात, काठी टेकत थोडं चालवतात. गेल्या खेपेला मीही सोबत होतो. पाणी संथ होतं, पलीकडच्या तेलंगणाच्या काठाकडे माणसं घेऊन एक डोंगा चालला होता. हनीफभाईंनी काठी उचलून त्याच्याकडे दाखवलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, शब्द सापडत नव्हता. मला तो शब्द माहीत होता. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामाजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

आयुष्यभर ज्यांनी कोणाला एक वाक्य नीट पुरं करू दिलं नाही, ते काही न बोलता उभे राहिले. डोंगा पलीकडे लागला, माणसं उतरून झाडीत दिसेनाशी झाली, पाण्यावरचा उजेड मावळला. हनीफभाईंचे ओठ अजून हलत होते, आणि मामाजी वाट बघत होते.