पाळीव तितर

हे मी घरातही कधी बोललेलो नाही. आज बाजारात एक म्हातारे पारधी रिकामा पिंजरा घेऊन चालले होते आणि गर्दीच्या पायांतून वाट काढत त्यांचा तितर तुरुतुरु मागे येत होता. दोरी नाही, काही नाही. मी भाजीची पिशवी खाली ठेवून बघत राहिलो.

मास्तरकीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर दोन रकाने आखले होते, पाळीव आणि जंगली. पारध्यांच्या पालावरून येणारी शेवंता उठून म्हणाली, "गुरुजी, तितर पाळीव. आमचा माझ्या उशाशी झोपतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, मग हिलाच जंगलीत लिवा की!"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि हसत हसतच तितर जंगलीच्या रकान्यात लिहिला. दुसऱ्या दिवसापासून शेवंता शाळेत आली नाही. मी पालावर गेलो नाही. उलट बरोबरच्या शिक्षकांना म्हणालो, "या लोकांना शिक्षणाची आवडच नसते." सगळ्यांनी माना डोलावल्या.

रानात अशी रेघ कुठेच नसते. ती खडू हातात असलेला माणूस मारतो, आणि मग तिच्या पलीकडे पाखरांबरोबर माणसंही ढकलता येतात. माझ्या हाताला ते फार सोपं गेलं.

म्हाताऱ्यांना शेवंताबद्दल विचारावं असं आज वाटलं. पण मी भाजीची पिशवीच उचलली. ते तितरासकट गर्दीत दिसेनासे झाले.

तुझं उत्तर बरोबर होतं, एवढं तिला समोर उभं राहून सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.