कारवारची बोट आणि घटाचा दिवा

‘सहकुटुंब’ हा शब्द लोक इतक्या सहज छापतात की त्यात कोण येतं आणि कोण गळतं हे कुणी बघत नाही. आमच्या घरी तो बघावा लागला तो एका बोटीमुळे.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही गवीपूरला राहायचो. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला येऊन रुजलेलं, घरात मराठी बोलायचं आणि दारात कन्नड. घरात अप्पा, आई, मी, माझा शाळकरी भाऊ, आणि अप्पांची थोरली बहीण. अप्पा तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. ती त्यांना तम्मा म्हणे, धाकट्या भावाला कानडी घरात म्हणतात तसं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती परत आली. तेव्हापासून हे घर तिच्या हातावर चाललेलं.

माझा मामा विमानाच्या कारखान्यात होता, बिनलग्नाचा, उत्साही. त्यानं कुठूनशी बातमी आणली की समुद्राच्या तळाशी जाऊन श्वास घेता येतो. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी, तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर काच. अशा टाक्या घेऊन माणसांना खाली नेणाऱ्या बोटी आपल्याच किनाऱ्यावर आहेत, आणि यंदाच्या दसऱ्याच्या सुट्टीत आपण सगळ्यांनी जायचं. ‘सगळ्यांनी’ हा त्याचाच शब्द.

त्याच्याकडे तीन बोटी होत्या. एक लांबच्या बेटाकडे जाणारी, चार दिवस समुद्रावरच राहायचं; मामाचं मन तिच्यावर, घरात आणखी कुणाचंच नाही. दुसरी मलपे बंदरातली मासेमारीची लाँच. तिच्यावर सावली नाही, आडोसा नाही. आईनं विचारलं की बायकांनी दिवसभर काय करायचं, तर मामा म्हणाला, धीर धरायचा. ती बोट तिथेच बुडाली. तिसरी कारवारची. मालक पूर्वी आरमारात पाणबुड्याचं काम केलेला वयस्क माणूस. रात्री किनाऱ्यावर मुक्काम, सकाळी बेटाच्या आडोशाला शांत पाण्यात, बोटीवर कनात आणि छोटीशी मोरी. लहान मुलांना तो टाकी लावत नसे. त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बादली होती, ती पाण्यावर धरायची आणि खाली बघायचं. मला विचाराल तर कुटुंबाची बोट निवडताना पाण्याची खोली कितीही असो, मोरी आहे का हे आधी विचारावं. पुरुष हे विचारत नाहीत, कारण त्यांना ते लागत नाही.

कारवार ठरलं. मालकानं कळवलं होतं की येणाऱ्यानं तोंड पाण्यात घालून नळीनं सावकाश श्वास घ्यायची सवय करून यावं. मामानं काचेचा चष्मा आणि नळी आणली. न्हाणीघरातल्या तांब्याच्या हंड्यात कोमट पाणी भरलं आणि रविवारी आम्ही एकेक जण त्यात तोंड घालायला लागलो. भाऊ हसत सुटला आणि पाणी प्याला. आईला जमलं. अप्पा वाकले आणि लगेच वर आले. पाण्यात साबण आहे म्हणाले. साबण नव्हता.

सगळे कॉफीला बसल्यावर अक्का भांडी आवरून न्हाणीघरात गेली. कुणी बोलावलं नव्हतं. ती इतका वेळ बाहेर आली नाही की आई बघायला गेली. अक्का पदर खोचून हंड्यावर वाकलेली होती आणि नळीतून संथ श्वास येत-जात होता. आईनं पाठीवर हात ठेवला तेव्हा ती वर आली, तोंड पुसलं आणि आत येऊन अप्पांना म्हणाली, “मला खाली बघायचंय.”

अक्कानं स्वतःसाठी काही मागितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. अप्पांनी बशी खाली ठेवली.

“आणि दिवा?” ते म्हणाले.

दसरा म्हणजे आमच्याकडे नवरात्राचे घट. देवघरात घट बसतो, शेजारी घराण्याच्या तलवारी मांडतात आणि नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही. दिव्यापाशी कुणीतरी लागतंच. आम्ही दसऱ्याला म्हैसूरला जायचो, आईच्या माहेरी जायचो, आणि दिव्यापाशी अक्का असायची. सकाळी भटजी येऊन पूजा करून जायचे. विधवा म्हणून पूजेच्या ताटाला तिचा हात चालत नसे. तेल घालायला मात्र चालायचा. ही सोय कुणाच्या डोक्यातून निघाली ते मला माहीत नाही, पण ज्यानं काढली त्याला स्वतःला बसायचं नव्हतं एवढं नक्की.

तारखा बदलाव्यात तर मामाला लांब रजा दसऱ्यालाच मिळे आणि डिसेंबरात बोटवाल्याचं बंदरात काम असे. म्हणजे दिवा की अक्का, एवढाच प्रश्न उरला.

मी तेव्हा कॉलेजात विद्यार्थिनींच्या वसतिगृहासाठी पत्रकं लिहायची. दुसऱ्या दिवशी मी एक पत्रक लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं. मथळा होता ‘सहल कुणाची? दिवा कुणाचा?’ खाली मागण्या. अप्पांनी ते वाचलं आणि शुद्धलेखन बरं आहे म्हणाले. मामा म्हणाला की आता पोलिसांना बोलवावं लागेल. अक्का चुलीपाशी होती.

“पोरी, तो कागद काढ आधी,” ती म्हणाली. “फोडणी उडते त्यावर. आणि मागण्या कशाला? मी विचारते की त्याला.” मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि अप्पांकडे न बघताच विचारलं, “तम्मा, यंदा तू बसतोस?”

मी भांडणाची तयारी करून उभी होते. अप्पा कानडीत म्हणाले, “सरी.” म्हणजे बरं.

एवढंच. मला वाटलं आपण जिंकलो. आईला तसं वाटलं नाही. ती मला म्हणाली की हंड्यातून वर आल्यापासून त्यांच्या तोंडावर आज पहिल्यांदा रंग आलाय. तेव्हा मला कळलं की अप्पांना पाण्याची भीती होती, आणि अक्कानं त्यांना घरी राहायला असं कारण दिलं होतं की त्यात मान खाली जाऊ नये.

आणि मान खाली गेली नाहीच. हे मला आजही पचत नाही. अप्पा दिव्यापाशी बसणार हे कळल्यावर गल्लीभर कौतुक झालं. शेजारच्या कानडी मामींनी केवढी भक्ती म्हणून भिजल्या डाळीची कोसंबरी पाठवली. अक्का इतकी वर्षं बसली तेव्हा कुणी वाटीभर पाणी विचारलं नव्हतं. तेच काम, तोच पाट. बसणारा बदलला की त्याचं नाव बदलतं. मी हे बोलून दाखवलं तर अक्का म्हणाली, कोसंबरी चांगली झाली होती की.

कारवारचं पाणी पावसाळ्यानंतर नुकतंच निवळत होतं. आईला बोट लागली, मग लिंबू चोखत ती कनातीखाली पडून राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून सावरली. भाऊ बादलीला चिकटला. मामा पहिल्याच खेपेला घाईनं खाली गेला आणि पाण्याच्या दाबानं ठणकणारे कान धरून वर आला. पाणबुडेकाका त्याला ओरडले नाहीत. फक्त म्हणाले की समुद्र कुठे जात नाही.

अक्कानं माझी सलवार घातली होती, घोट्यापाशी सुतळीनं बांधून, वर मामाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. साठीला टेकलेल्या बाईला अशा वेषात बघून मी हसेन असं मला वाटलं होतं. हसू आलं नाही. काकांनी तिचा हात धरला आणि दोघं शिडीवरून उतरले. दोन पुरुष उंचीपेक्षा खोल नेणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पाण्यावर बुडबुडे येत राहिले. हंड्यातल्या श्वासासारखेच, संथ. मी कठडा धरून ते बघत उभी राहिले.

ती वर आली, नळी काढली, बसली. आईनं विचारलं काय दिसलं. मासे, दगड, एक पिवळं काहीतरी. मग म्हणाली, “कुणी हाक मारत नव्हतं.”

घरी परतलो तेव्हा अप्पा दारात उभे होते. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. दसरा होऊन गेला होता, घट उठला होता. त्यांनी सामान आत घेतलं, आम्हाला कॉफीही केली, बऱ्यापैकी वाईट. मग सगळे बसलेले असतानाच अक्काला म्हणाले, “अक्का, दिवा एकदा गेला. दुपारी जेवल्यावर स्वल्प डोळा लागला. उठून बघतो तर काळोख.”

देवघराकडे बघायचीही त्यांची हिंमत नव्हती. घरावर काय येणार याची भीती अप्पांनी एकट्यानं इतके दिवस धरून ठेवली होती.

“एकदाच?” अक्का म्हणाली.

अप्पांनी मान वर केली.

“माझा तर दर वर्षी जायचा. वारा येतो, वात बसते, माणूस झोपतो. परत लावायचा.”

“तू कधी सांगितलं नाहीस.”

“कुणी विचारलं नाही.”

यावर माझं एक पत्रक सहज झालं असतं. मी लिहिलं नाही. भिंतीवर जागा होती, पण अप्पा हसायला लागले होते, आधी आवाज न करता, मग अगदी मोठ्यानं, आणि भाऊ काही न कळता त्यांच्यासोबत. हसून झाल्यावर त्यांनी अक्काला विचारलं की ते बेटाआडचं पाणी कंबरेएवढं कुठे आहे का, पाय टेकतात का. टेकतात, ती म्हणाली. पुढच्या वर्षी दिव्यापाशी मी बसेन असं मी सांगून टाकलं. मामानं ते लगेच मान्य केलं.

अक्का उठून न्हाणीघराकडे गेली. जरा वेळानं तिथून तिचा आवाज आला.

“ये तम्मा. हंडा भरलाय. साबण नाहीये त्यात.”