शेवटचं पान आधी

हिंदी मुलखातल्या आमच्या स्नेहलतागंजच्या मराठी वाचनालयात एक बाई दर शनिवारी ऑफिसमधून सरळ येतात. वय पन्नाशीपुढचं, पण जातात थेट कुमार-कादंबऱ्यांच्या कपाटाकडे. पुस्तक उचललं की उभ्या उभ्या आधी शेवटचं पान वाचतात. शेवटी मुलगी सगळ्यांची माफी मागत असेल, तर पुस्तक परत जागेवर.

"पूरी किताब ती भांडली, आणि आखिर में सॉरी?" त्या मला विचारतात, जणू मीच लिहिलंय. "पंधरा वर्षांच्या पोरींना असं नका शिकवू, भिया."

गेल्या महिन्यात एका पालकाची तक्रार आली. बापाशी अबोला धरणाऱ्या मुलीची एक कादंबरी कुलपाच्या कपाटात ठेवा, असं अध्यक्षांनी मला सांगितलं. त्या तिथेच उभ्या होत्या.

"तुम्ही वाचली, अध्यक्षजी?"

"चाळली."

त्यांनी खुर्ची ओढली आणि या वेळी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतलं. शाळा सगळी हिंदीत झालेली, त्यामुळे एखाद्या मराठी शब्दाला अडखळायच्या, मागे जाऊन वाक्य पुन्हा नीट वाचायच्या. अध्यक्षांना उठवेना. मीही रजिस्टर मिटलं.

बंद करायची वेळ झाली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बाकीचं मी वाचून बघतो. तोवर कुलपात राहू दे."

"तोवर माझ्या नावावर लिहा," त्या मला म्हणाल्या. "माझ्या बिल्डिंगमध्ये चार पोरी आहेत."

बारा वर्षांच्या नोकरीत अध्यक्षांना न विचारता मी काही केलं नव्हतं. त्या दिवशी शिक्का मी जरा जोरातच मारला.